फुसका बार, खरा बार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात इंग्रजी विनोदी गुन्हेपटांवर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कोकणपट्टीतून आली आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात प्रश्न होता तो पात्रांच्या हातातील बंदुकांविषयी. याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक अजूनही वाडीवाडीत आढळते, त्यामुळे पडद्यावर कोणी चाप ओढला की इथला प्रेक्षक नटाच्या चेहऱ्याआधी नळीकडे पाहतो. पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. विचारणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ‘स्नॅच’ (२०००) या चित्रपटात मद्यालयात बसलेल्या एका माणसावर तीन चोर पिस्तुले रोखतात. तो जराही न डगमगता त्यांच्या पिस्तुलांवर ‘रेप्लिका’, म्हणजे नकली, असे लिहिले असल्याचे दाखवून देतो आणि आपल्या पिस्तुलावर मात्र ‘डेझर्ट ईगल’ लिहिले आहे, असे ऐकवतो. नकली शस्त्रावर असे खरोखर लिहिलेले असते काय? आणि त्याचे पिस्तूल इतके अवाढव्य कसे?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : नकली पिस्तुलाच्या अंगावर लांबून वाचता येईल अशा अक्षरांत ‘नकली’ असे कोरण्याची पद्धत कोठेही रूढ नाही, ती दिग्दर्शक गाय रिची यांनी विनोदासाठी घेतलेली मोकळीक आहे. चित्रपट आला त्या काळी ब्रिटनमध्ये हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली पिस्तुले उघडपणे विकत मिळत. त्यांवर कडक निर्बंध आले ते २००६ च्या कायद्याने, आणि त्यानंतर अशी खेळणी भडक रंगाची किंवा पारदर्शक असावीत, असा दंडक पडला. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून खेळण्यातील बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग असावा लागतो. तेव्हा प्रसंगातील अक्षरे खोटी असली, तरी त्यामागची परिस्थिती खोटी नाही : अंधाऱ्या खोलीत, घाबरलेल्या माणसासमोर नकली पिस्तूल खऱ्याचेच काम करते, आणि चोरांची सारी मदार त्यावरच असते. समोरचा माणूस घाबरला नाही, की मग त्या पिस्तुलाचा उपयोग पेपरवेटाइतकाच उरतो.

आता डेझर्ट ईगलविषयी. हे शस्त्र कल्पित नाही. अमेरिकेतील मॅग्नम रिसर्च या कंपनीने त्याची आखणी केली आणि इस्रायलच्या सरकारी शस्त्रकारखान्यात त्याचे उत्पादन बराच काळ झाले. चित्रपटातील पिस्तुलाच्या नळीचे छिद्र अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२.७ मिलिमीटर व्यासाचे आहे. पोलिसांकडील नेहमीचे पिस्तूल ९ मिलिमीटरचे असते, यावरून फरक लक्षात येईल. रिकाम्या पिस्तुलाचे वजन दोन किलोच्या घरात जाते आणि खटक्यात, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, मात्र सातच काडतुसे मावतात. साधारण पिस्तुलाची सरकती पट्टी काडतुसाच्या धक्क्यानेच मागे जाते. या पिस्तुलात काडतूस त्या पद्धतीला न पेलवण्याइतके जोरदार असल्याने नळीतील वायूचा थोडा भाग वळवून त्याच्या दाबाने यंत्रणा चालवावी लागते. ही पद्धत मुळात रायफलची. पिस्तूल अवाढव्य दिसते ते यामुळे. ते कमरेला लावून दिवसभर हिंडणे गैरसोयीचे, लपवणे त्याहून कठीण, आणि म्हणूनच जगातील सैन्यांनी किंवा पोलिसांनी ते नेहमीच्या वापरासाठी उचलले नाही. चित्रपटांनी मात्र ते डोक्यावर घेतले, कारण पडद्यावर शस्त्राने आधी दिसायचे असते आणि मग चालायचे असते.

त्याच चित्रपटात शस्त्रविक्रेता गिऱ्हाइकाला पटवतो की बंदूक जड आहे म्हणजे ती भरवशाची आहे, आणि पुढे ती बंदूक चालतच नाही. आपल्यासारख्या, खांद्यावर जड नळी घेऊन बागेत फिरणाऱ्या माणसाला हा विनोद अधिक कळेल. वजनाचा एक फायदा खरा आहे : शस्त्र जितके जड तितका मागे बसणारा धक्का सौम्य. पण घोडा नीट पडतो की नाही, काडतुसाच्या बुडावर टोचा बरोबर बसतो की नाही, याचा वजनाशी काडीचाही संबंध नाही. एका चित्रपटात एक जड बंदूक निकामी निघते आणि दुसरी जड बंदूक सगळ्यांना गप्प करते. या दोन प्रसंगांची जोड मला त्या चित्रपटातील सर्वांत चोख रचना वाटते. थरारपटात शस्त्राच्या बाबतीत ढिलाई खपून जाते, कारण प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. विनोदी गुन्हेपटात शस्त्राची नेमकी उणीव हाच विनोदाचा आधार असतो आणि तिथे तपशील चुकला तर हसू येत नाही.

प्रश्न : याच दिग्दर्शकाच्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ (१९९८) मध्ये गोळीबार होताच खोली धुराने भरते आणि टोळीचा म्होरक्या आपल्याच साथीदारावर डाफरतो की बिनधुराची काडतुसे आणता आली नाहीत का. आमच्या ठासणीच्या बंदुकीचा धूर आम्हाला ठाऊक आहे, पण काडतुसाच्या बंदुकीला इतका धूर कसा? तसेच त्यात दिसणारी वर खटका लावलेली मशीनगन कोणती?
— निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : आपले निरीक्षण रास्त आहे. धूर बंदुकीच्या प्रकारावर नसून आतल्या दारूवर अवलंबून असतो. ठासणीच्या बंदुकीत वापरली जाते ती काळी दारू. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन कणांच्या रूपाने उरतो. हेच कण पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतात आणि काही नळीतच काळा थर धरून बसतात. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत जगातील सैन्यांनी काळी दारू टाकून दिली. आजचे बारा बोरचे (बोर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) काडतूस बिनधुराच्या दारूचेच असते. तथापि काळ्या दारूची काडतुसे जुन्या बंदुकांच्या शौकिनांसाठी अजूनही बनतात, त्यामुळे चित्रपटातील साथीदाराने स्वस्तात मिळाली म्हणून तशी काडतुसे आणणे अशक्य कोटीतले नाही. विनोद यात आहे की लुटीचा बेत आखताना सर्वांनी माणसांचा, दारांचा, वेळेचा विचार केला आणि धुराचा केला नाही.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक ठळकपणे कळते. पावसाळ्याच्या तोंडावर रानडुकरे भातखाचरात उतरू लागतात, तेव्हा रात्रभर माचावर बसणाऱ्याला बार काढल्यावर काही क्षण समोरचे काही दिसत नाही. जनावर लागले की पळाले, हे धूर विरल्यावरच समजते. शिवाय काळी दारू हवेतील ओल धरते, आणि जुलै महिन्यातील कोकणच्या हवेत ती सादळली, तर केप (दारू पेटवणारी टोपी) फुटते, पण बार होत नाही, किंवा क्षणभर थांबून होतो. हा थांबून होणारा बार सर्वांत धोक्याचा, कारण माणूस तोवर नळीत डोकावण्याच्या बेतात असतो. बार फुसका गेला, तरी नळी सुरक्षित दिशेला धरून काही काळ तसेच थांबावे, हा नियम जुनी माणसे पाळत आली आहेत, आणि तो बरोबर आहे. बार काढल्यानंतर गजाला चिंधी गुंडाळून कढत पाण्याने नळी धुणे, मग कोरडी करून तेलाचा हात फिरवणे, हे कामही टाळता येत नाही. काळ्या दारूचा थर ओल शोषतो, त्यात समुद्राची खारी हवा, म्हणजे आठवडाभरात नळीला आतून गंज धरलाच म्हणून समजावे. नुसत्या तेलाने तो थर जात नाही, त्याला पाणीच लागते.

मशीनगनविषयी : ती ब्रेन आहे. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा, ब्रिटिश सैन्यात ती १९३८ पासून आली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींनी ती आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत वापरली आणि स्वातंत्र्यानंतरही ती आपल्या सैन्यात दीर्घकाळ होती. कोकणातील ज्या घरांतून दोन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या, तेथील वडीलधाऱ्यांना विचारल्यास बाकदार खटका वरून बसवलेली ती बंदूक त्यांना चांगली आठवत असेल. तिचे वजन दहा किलोच्या आसपास, खटक्यात तीस काडतुसे, आणि ती चालवायची ती पुढचे दोन पाय जमिनीवर टेकवून. असले हत्यार घेऊन एखाद्या घरात चोरी करायला निघणे, हाच मुळात वेडेपणा. पुढे ते हत्यार जिच्या हाती पडते, ती मुलगी आतापर्यंत गुंगीत कोचावर पडून होती आणि कोणीही तिला हिशेबात धरलेले नव्हते. मला हा प्रसंग धुराच्या प्रसंगाइतका आवडला नाही, तो जरा जोर लावून केल्यासारखा वाटतो. धुराचा विनोद शस्त्रातूनच उगवतो, हा बाहेरून आणून बसवला आहे.

प्रश्न : विनोदी चित्रपटातील भाडोत्री मारेकरी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतो आणि ‘फुस्’ असा आवाज येतो. असे होऊ शकते का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत, एक अपवाद सोडल्यास, नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात आणि चक्र व नळी यांच्यामध्ये बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर चक्र फिरणार नाही. गोळी सुटताना वायू आणि आवाज त्या फटीतूनही बाहेर पडतो, मग नळीच्या टोकाला काहीही लावले तरी व्यर्थ. अपवाद आहे १८९५ चे रशियन नागां रिव्हॉल्व्हर. त्यात घोडा मागे ओढला की सात काडतुसांचे चक्र पुढे सरकून नळीला भिडते आणि काडतुसाचे तोंड ती फट बुजवते. एरवी पडद्यावर रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर दिसला, तर सामान जमवणाऱ्याने दोन दुकानांतून दोन वस्तू आणल्या, एवढेच समजावे.

पिस्तुलाला सायलेन्सर लागतो, पण ‘फुस्’ तेथेही होत नाही. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत त्याचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व तेच आहे : नळीतून सुटलेल्या तप्त वायूला कप्प्यांतून फिरवून, थंड करून, हळूहळू बाहेर सोडायचे. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो यामुळे वीस ते पस्तीस डेसिबलने उतरतो. उरलेला आवाजही शेजारच्या घराला जागे करण्यास पुरेसा असतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तर सायलेन्सरने थांबत नाहीच. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्याने, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा उभा छेद काढून पाहिला तरी तत्त्व समजेल. मॅक्सिम यांनी दोन्हींवर काम केले होते.

प्रश्न : आपल्याकडील आणि परदेशी, दोन्ही चित्रपटांत गोळी लागताच माणूस मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. आमच्या पर्यटकांपैकी एकाने हे खरे असल्याचा पैजेवर दावा केला. निकाल द्यावा.
— खाद्यगृह चालविणारे वाचक, मालवण

उत्तर : पैज आपण जिंकलात, असे गृहीत धरतो. नऊ मिलिमीटरची गोळी सुमारे आठ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर वेगाने जाते. तिचा सगळा संवेग सत्तर किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर भरेल. एवढ्याने माणूस भिंतीवर आदळत नाही, आणि आदळत असता तर गोळी झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता. गोळी लागलेला माणूस बहुधा जागच्या जागी कोसळतो, आणि कित्येकदा आपल्याला काही लागले आहे हे त्याला काही वेळ कळतही नाही. एका गोष्टीकडे मात्र आपल्या पाहुण्यांचे लक्ष वेधावे : ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो, तरी चित्रपटात ते कोणी रोखले की घोडा चढवल्याचा ‘खट्’ आवाज येतो. पुढची पैज त्यावर लावता येईल.

प्रश्न : इंग्लंडमधील या चित्रपटांत गुंडांकडे शस्त्रे नेहमी जुनाट, मोडकी किंवा खोटी का असतात? अमेरिकी चित्रपटांत तर चिल्लर चोराकडेही चकचकीत पिस्तूल असते.
— ग्रंथपाल, अलिबाग

उत्तर : कारण कायद्यात आहे. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलांनी सोळा मुले आणि एक शिक्षिका यांची हत्या केली. त्यानंतर १९९७ मध्ये दोन कायदे होऊन ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी व्यक्तीला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणे जवळजवळ बंद झाले. शॉटगन मात्र प्रमाणपत्रावर शेतकरी व शिकारी बाळगू शकतात. वर उल्लेखिलेले दोन्ही चित्रपट यानंतरच्या तीन वर्षांतले आहेत. तेव्हा त्यांतील लंडनचा भुरटा चोर शस्त्र शोधू लागला की त्याच्या हाती काय लागणार? कोणा जमीनदाराच्या कपाटातली शॉटगन, हवेवर चालणारी छऱ्याची बंदूक, नाहीतर खेळण्याच्या दुकानातले पिस्तूल. या तुटवड्यातून त्या चित्रपटांचा विनोद जन्माला येतो, आणि तीच कथा न्यूयॉर्कला नेली तर निम्मी कथा उरणार नाही.

आपल्याकडची परिस्थिती याहून वेगळी, तरी शस्त्र सहज मिळत नाही ही बाब समान आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे ९ मिलिमीटर व ०.३८ बोर ही निषिद्ध बोर गणली जातात. सामान्य नागरिकाला परवाना मिळालाच तर तो बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातील ०.३२ बोरच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा. त्यामुळे मुंबईच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटात एखादा सराफ गल्ल्यातून ९ मिलिमीटरचे पिस्तूल काढतो, तेव्हा लेखकाने कायदा पाहिलेला नाही असे मानण्यास हरकत नाही. गुंडाच्या हातातला गावठी कट्टा, जो एकदा उडाल्यावर पुन्हा उघडून भरावा लागतो आणि कधी उलटा चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो, तो आपल्याकडील विनोदी गुन्हेपटाला खरा साजेसा. त्याचा पुरेसा उपयोग आपल्या लेखकांनी अजून केलेला दिसत नाही.

प्रश्न : आमचे हौशी नाट्यमंडळ गणेशोत्सवात एक विनोदी गुन्हेगारी नाटक बसवत आहे. तिसऱ्या प्रवेशात बंदूक उडते. गावातील एका शेतकऱ्याने आपली परवान्याची ठासणीची बंदूक, नुसती दारू भरून, देऊ केली आहे. वापरावी काय?
— नाट्यमंडळाचे चिटणीस, दापोली तालुका

उत्तर : कृपया वापरू नये. परवाना त्या शेतकऱ्याच्या नावावर आणि पीक राखण्याच्या कामासाठी आहे, ते शस्त्र नटाच्या हाती देणे हा त्या शेतकऱ्याचा परवाना आणि आपले मंडळ दोघांनाही अडचणीत आणणारा प्रकार ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा समारंभात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ‘नुसती दारू’ ही निरुपद्रवी नाही. दारूवर ठासलेला कागदाचा किंवा चिंध्यांचा बोळा नळीतून गोळीसारखा सुटतो, आणि गावच्या मंडपात पहिली रांग रंगमंचापासून किती दूर असते, हे आपण जाणता.

मोठमोठ्या चित्रसंस्थांनाही याची किंमत मोजावी लागली आहे. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी अभिनेत्याने मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान, बिनगोळीच्या काडतुसाने भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला आणि वायूच्या आणि काडतुसातील बोळ्याच्या धक्क्याने कवटी फुटून तो काही दिवसांनी मरण पावला. १९९३ मध्ये ब्रँडन ली याचा मृत्यू झाला तो वेगळ्या कारणाने : आधीच्या दृश्यासाठी वापरलेल्या दिखाऊ काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून बिनगोळीचे काडतूस उडवताच ती सुटली. २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे चित्रीकरणाच्या तालमीत खरे काडतूस शस्त्रात शिरले आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. या तिन्ही ठिकाणी शस्त्रे सांभाळण्याचे काम नेमून दिलेले होते, तरी असे घडले.

आपण सुताराकडून सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची बंदूक करून घ्यावी, तिला काळा रंग आणि दस्त्याला तेल द्यावे, दहाव्या रांगेतून फरक कळत नाही. आवाज ध्वनिक्षेपकावरून द्यावा. तो लावणाऱ्याला चाप ओढणारे बोट दिसेल अशा विंगेत उभे करावे, कारण चाप आधी आणि बार मागाहून झाला तर मंडप हसतो, आणि ते हसू नाटककाराने मागितलेले नसते. अर्थात आपले नाटक विनोदी असल्याने, एका जागी हा उशीर मुद्दाम ठेवता येईल : पात्र चाप ओढते, काही होत नाही, ते नळी खाली करून कपाळ पुसते आणि तेव्हा बार होतो. त्या ‘बारा’ने वरून टांगलेली केळफुलाची झुंबरवजा सजावट खाली आली, तर दिग्दर्शकाला अधिक काही करावे लागणार नाही. प्रयोगापूर्वी पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवावे, म्हणजे रात्री कोणी घाबरून ठाण्यात दूरध्वनी करणार नाही.

प्रश्न : ‘लॉक, स्टॉक...’ मध्ये चोरांनी कवडीमोलाने विकलेली दोन जुन्या शॉटगनची जोडी शेवटी अतिशय मौल्यवान निघते. आमच्या घरी आजोबांची इंग्लंडमध्ये बनलेली दुनळी आहे. आजोबा आता हयात नाहीत. जुलै २०२१ च्या महापुरात ती पाण्याखाली गेली होती. तिलाही मोल असू शकेल काय? आणि तिचे काय करावे?
— व्यापारी, चिपळूण

उत्तर : चित्रपटातील त्या बंदुकांचे मोल त्या ‘जोडी’ असण्यात आहे. इंग्लंडमधील जमीनदारांच्या शिकारीत हाकारे पक्षी उठवीत, शिकारी एका बंदुकीने बार काढी आणि मागे उभा असलेला नोकर तोपर्यंत दुसरी भरून हाती देई. दोन्ही बंदुकांचे वजन, तोल, दस्त्याचा बाक एकसारखा असावा लागे, म्हणून हॉलंड अँड हॉलंड (स्थापना १८३५) यांच्यासारख्या लंडनच्या कारागिरांकडे एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने, बहुधा एकाच लाकडाच्या ओंडक्यातून जोडी घडवली जाई. जोडी फुटली की उरलेल्या एकीची किंमत निम्म्याहूनही खाली येते. हे ठाऊक नसलेले चोर ती जोडी जुनाट म्हणून किरकोळीत विकतात, आणि ठाऊक असलेला टोळीप्रमुख तिच्यासाठी माणसे मारायला निघतो. चित्रपटाचा सारा डोलारा या एका अज्ञानावर उभा आहे आणि तो डळमळत नाही, कारण लेखकाने जुन्या शस्त्रांच्या बाजाराची रीत बरोबर पकडली आहे.

आपली दुनळी एकटी आहे आणि पुराच्या पाण्यात राहिलेली आहे, तेव्हा आर्थिक अपेक्षा माफक ठेवावी. वाशिष्ठी नदीचा गाळ नळीच्या आत, घोड्यांच्या कळीत आणि दस्त्याच्या सांध्यात शिरलेला असणार. वरून पुसून चकाकी आणली तरी आत गंजाचे खड्डे पडले असतील, तर नळीची जाडी तेवढ्यापुरती कमी झालेली असते. त्यातून बंदूक फार जुनी असून तिच्या नळ्यांवर वेटोळ्यांची नक्षी दिसत असेल, तर त्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून बनवलेल्या आहेत. काळ्या दारूच्या काळातील अशा नळ्यांत आजचे बिनधुराच्या दारूचे काडतूस उडवणे जिवावर बेतू शकते. नळीच्या बुडाशी कसोटीचे शिक्के असतात, त्यांवरून ती कोणत्या दारूसाठी तपासली गेली होती आणि काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे आहे की ७० चे, हे जाणकाराला सांगता येते.

तथापि हे सारे नंतरचे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवणे हे वारसालाही मोकळे नाही, ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. आजोबांच्या मृत्यूनंतर ते झाले नसेल, तर आता विलंब न करता एखाद्या वकिलाच्या सल्ल्याने करावे. त्यानंतर आपण वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकता, त्यासाठी मृत्यूचा दाखला, आजोबांचा मूळ परवाना आणि इतर वारसांची संमती जवळ ठेवावी. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात, वारसाने आलेले शस्त्रही त्यातच मोजले जाते. परवाना हाती आल्यावर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून नळ्या तपासून घ्याव्यात. पुराच्या पाण्यातून वाचलेली जुनी काडतुसे घरात असतील, तर ती उन्हात वाळवून वापरण्याचा मोह धरू नये. ती वेगळी बांधून, संख्या लिहून, बंदुकीबरोबरच ठाण्यात जमा करावीत आणि पावतीवर त्यांची नोंद झाली की नाही, ते तेथेच वाचून पाहावे.